दिवस असताना

पोस्टरवरच्या खिडकीत चंद्र होता. साताऱ्यात पोवई नाक्यापाशी पुढच्या एसटीनं वळायला वेळ लावला म्हणून सम्मेदची गाडी थांबली, आणि शेजारच्या भिंतीवर, क्लासेसच्या जाहिराती आणि कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा यांच्या मधोमध, त्याला त्याची आई दिसली. पाटावर बसलेली, पुढ्यात ताट, हातात भाकरीचा घास, आणि मान वळवून खिडकीबाहेर बघणारी. शेजारी कंदील. कंदील त्याला माहीत होता. तो त्याच्या डोळ्यांदेखत ठेवला गेला होता, म्हणजे कॉम्प्युटरवर. चंद्र मात्र नवा होता. चांगला वाटोळा, पुनवेचा, कुणीतरी हौसेनं निवडलेला. त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की, ही खिडकी पश्चिमेची आहे, आणि जेवणवेळेला पश्चिमेच्या खिडकीत पुनवेचा चंद्र येईलच कसा? दुसऱ्यांदा जे आलं ते त्यानं पुरतं येऊच दिलं नाही. मागच्यानं हॉर्न वाजवला, एसटी वळली, आणि तोही निघाला.

पण असल्या गोष्टी भिंतीवर मागे राहत नाहीत. अजिंक्यतारा आरशात लहान होत गेला आणि ते दुसरं हळूच शेजारच्या सीटवर येऊन बसलं. आई रात्री जेवत नसे. नसे म्हणजे कधीच नसे. लग्नाच्या आधी, माहेरच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चातुर्मासाला आलेल्या आर्यिका माताजींसमोर हात जोडून तिनं नेम घेतला होता: दिवस बुडाला की अन्न नाही आणि पाणीही नाही. मग सम्मेदचा जन्म झाला, पुराच्या पाण्यानं घर सोडावं लागलं, लग्नं झाली, मर्तिकं झाली, आणि नेम तसाच राहिला. लग्नघरात पंगतीला उशीर व्हायला लागला की कुणीतरी ओरडायचं, सुंदराक्काचं ताट आधी वाढा, दिवस चालला. शेवटच्या आजारात दवाखान्यात पडदे लावलेले असत, गोळी द्यायला नर्स आली की आई तिला आधी पडदा सरकवायला लावी आणि विचारी, "दिवस हाय न्हवं अजून?" नर्स हसायच्या. मग त्याही सवयीनं आधी पडदा आणि मग गोळी, असं करायला लागल्या. अशी ती बाई आजपासून महाराष्ट्रभर कंदिलाच्या उजेडात, पुनवेच्या चंद्राखाली जेवणार होती.

आणि संध्याकाळी साडेसहाच्या खेळाला सांगलीत अण्णा ती बघणार होते. सम्मेदच्या वडिलांनी, रायगोंडा पाटलांनी, त्यानं केलेला हा सिनेमा कुठल्याच रूपात पाहिला नव्हता. आई गेल्यावर मूळचा सिनेमा त्यांना दाखवायचं त्याच्यानं झालं नाही आणि त्यांनीही कधी मागितला नाही. आता मात्र त्यांनी बस्तीतल्या बायकांसाठी जीप ठरवली होती, शर्टाला इस्त्री करून ठेवली होती, आणि दोनदा फोन करून खेळ साडेसहाचाच ना हे विचारून घेतलं होतं, कारण जेवून निघायला हवं. आई गेल्यापासून तिचा नेम अण्णांनी घेतला होता. कुणी सांगितलं नव्हतं. जन्मभर उसाला पाणी पाजून रात्री उशिरा जेवणारा माणूस, तिचा नेम मोकळा पडू नये म्हणून दिवस मावळायच्या आत पाटावर बसू लागला. सकाळी कॉलेजला निघताना प्रियदर्शनी, त्याची बायको, दारात म्हणाली होती की थिएटरात शिरायच्या आधी अण्णांना सांगून टाक, नंतर सांगशील तर ती सबब होईल. तिला कॉलेजात परीक्षेची ड्यूटी होती, नाहीतर तिनंच सांगितलं असतं. सांगणं तिला सोपं जातं. सम्मेदला दाखवणं सोपं जातं, सांगणं नाही. म्हणून तर तो ह्या धंद्यात आला.

धंदा म्हणजे तरी काय? साताऱ्यात राहून तो मालिकांची नि मोठ्या सिनेमांची तजवीज करायचा. नदीचा घाट हवा, पंचवीस म्हाताऱ्या हव्यात, बैल हवेत पण मारके नकोत, हे सगळं सम्मेद पाटील बघणार. शिरवळजवळ एका बंद पडलेल्या शेडमध्ये एका मालिकेचं अख्खं घर उभं होतं, त्यातल्या तुळशीला रोज खरं पाणी घालायची व्यवस्थाही त्याचीच. त्या घरातल्या आया कायम दिवा घेऊन उभ्या असत. त्या बघून त्याला आतून चीड यायची, आणि तीच चीड साठवून, मालिकेतून उरलेल्या सुट्ट्यांत, मालिकेतूनच उसन्या आणलेल्या कॅमेऱ्यानं त्यानं स्वतःचा सिनेमा केला होता. 'दिवस असताना'. स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईला घेऊन. एका बाईचा एक दिवस. बस्तीत जाणं, शेंगा फोडणं, ओसरी सारवणं, दिवस मावळायच्या आत जेवणं. काही घडत नाही. घडू द्यायचंच नाही असं त्यानं आणि कॅमेरा करणाऱ्या श्रेयसनं ठरवलं होतं, आणि ह्या न घडण्याचा त्यांना फार अभिमान होता.

कराड मागे पडलं. पेठनाक्यावरून आत वळल्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या, एकामागे एक, गाणी लावून डुलत चाललेल्या. पुढे काढायला जागा नव्हती. जागा असती तरी त्यानं काढली नसती. लवकर पोचलं की सांगावं लागणार होतं. ट्रॉलीतून एक ऊस घसरून रस्त्यावर पडला आणि त्याच्या चाकाखाली मोडला, त्याचा गोडसर वास गाडीत आला, आणि ती संध्याकाळ त्याच्यासमोर उभी राहिली. तीही हंगामाचीच होती. स्वयंपाकघरात पश्चिमेच्या खिडकीतून तिरपा उजेड ताटावर पडायचा, तो अगदी थोडा वेळ. तेवढ्यात आईनं जेवायचं होतं. पहिल्यांदा ती जेवायला लागली नि मांजर आडवं गेलं. दुसऱ्यांदा बाहेरून मोटारसायकल गेली. तिसऱ्यांदा सगळं जमलं होतं, पण सम्मेदला ती कॅमेऱ्यासाठी जेवतेय असं वाटलं. दर वेळी एक घास घेतला की थांब म्हणायचं, ताट पुन्हा पहिल्यासारखं करायचं, भाकरी अखंड ठेवायची. आई हसून म्हणाली होती, सासूनं बी एवढं छळलं न्हाई रं. मग शेवटचा शॉट. तिनं भाकरी मोडली, मुगाच्या आमटीत बुडवली, घास तोंडापर्यंत नेला आणि खिडकीकडे पाहिलं. उजेड भिंतीवरून सरला होता. सूर्य गेला होता. तिनं घास ताटाच्या कडेला ठेवला, अगदी हळू, कुणाला लागू नये तसा. हात धुतले, जोडले, डोळे मिटले. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. श्रेयस कॅमेऱ्यामागे रडत होता. सम्मेद थांब म्हणायचंच विसरला होता, आणि त्याचं सगळं अंग आनंदानं भरून गेलं होतं, इतकं की आई ताट उचलून गाईकडे गेली तेव्हा तो तिच्यामागे न जाता श्रेयसच्या खांद्यावर थाप मारत उभा राहिला.

त्या शॉटनं त्याला जग दाखवलं. जग म्हणजे चार-पाच महोत्सव, तिथले सकाळचे फुकटचे पोहे-सांजा, गळ्यातली ओळखपत्रं. पण लोक खरंच गप्प व्हायचे. दिवे लागल्यावर कुणीतरी हमखास विचारायचं, त्या बाईंनी घास खाली कसा ठेवला? मग सम्मेद स्टेजवर माईक हातात घेऊन सांगायचा की ती माझी आई. तो अभिनय नव्हता. दिवस खरोखर बुडाला होता. त्या रात्री ती तशीच उपाशी झोपली. इथं तो थोडा थांबायचा. टाळ्या पडायच्या. दुसऱ्या गावात गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण त्याच ठिकाणी थांबतोय, तेवढाच वेळ, आणि टाळ्याही तिथंच पडतायत. मोठ्या सिनेमावाल्यांना तो नावं ठेवायचा ती ह्यासाठीच, की त्यांना कुठं थांबलं की टाळी येते ते ठाऊक असतं. हे ध्यानात आल्यावर त्याला लाज वाटली. पण पुढच्या गावात तो तिथंच थांबला.

आईला मात्र महोत्सवांचं काही नव्हतं. शूटिंग झालं तेव्हा ती होती अजून. सिनेमा पुरा झाला नव्हता, श्रेयसच्या कॅमेऱ्याच्या बोटभर पडद्यावर स्वतःला बघून पदरानं तोंड झाकून हसली होती. तिचं म्हणणं एवढंच की सांगलीत कवा लागायचा? बस्तीतल्या बायकांना बघायचाय. तो म्हणाला, असले सिनेमे सांगलीत लागत नसतात, आई. तर ती म्हणाली, मग केलास कुणासाठी? ह्यावर त्यानं तिला बरंच काही समजावून सांगितलं होतं. स्वतंत्र सिनेमा, बाजार, प्रेक्षक घडवणं. तिनं शेंगा फोडत सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "ते असू दे. सांगलीत लाव." वर्षभरानं ती गेली. सिनेमा पुरा झाला, फिरला, आणि सांगलीत काही लागला नाही.

मग वीरधवल आला. तो साताऱ्याचाच, कॉलेजातला मित्र, घरचा ऊस आणि तोंडानं गोड, मुंबईच्या कंपन्यांत उठबस असलेला. तो खलनायक नव्हता, हीच तर अडचण होती. त्यानं सिनेमा दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा रडला, आणि म्हणाला, "गड्या, तुझा सिनेमा इंडिपेंडंट हाय, कारण त्याला कुणी विचारत न्हाई. आपन फक्त जरा दार उघडू." दार उघडायचं म्हणजे थोडं संगीत, थोडी छाटणी, आणि एक धागा. लोकांना धरायला धागा लागतो. ह्या बाईचा मुलगा शहरात आहे, तो यायचाय, ती वाट बघतेय, बस्स. तुझी एक फ्रेम बदलायची नाही. नवीन चार शॉट घेऊ, अंधारातून येणारी एसटी, खिडकीशी बसलेला पोरगा. ती एसटी सम्मेदनंच मिळवून दिली, एका दुपारात, ड्रायव्हरसकट. असल्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वतःच्याच सिनेमात परक्याची एसटी घुसवताना त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याला फक्त एवढंच वाटत होतं की मागचे दिवे नीट लागत नाहीत, ते दुरुस्त करून घ्यायला हवेत.

आणि एसटी रात्री येते तर जेवणही रात्रीचं हवं. मुंबईत, खिडकी नसलेल्या थंडगार खोलीत, एक अतिशय नम्र तरुण रंग दुरुस्त करायला बसला होता. त्यानं विचारलं, सर, करून बघू? आणि बोटांनी हळूहळू काहीतरी फिरवलं. आईच्या पाठीमागची भिंत निळी झाली. ताटावरचा उजेड विझला. खिडकी काळी झाली. मग त्यानं कोपऱ्यात कंदील ठेवला, त्याचा पिवळा डाग आईच्या गालावर आला, आणि आईनं वळून अंधारात बाहेर पाहिलं. ती आता सूर्य बघत नव्हती. ती त्याची, सम्मेदची, वाट बघत होती. घास ती खाली ठेवते त्याच्या आतच दृश्य कापलं होतं. हात जोडणं लांबट वाटतं म्हणून गेलं होतं. ते सुंदर होतं. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी फसवलं नाही; तो काही बोलेल म्हणून वीरधवल आणि तो तरुण दोघंही वळून बघत होते, आणि तो म्हणाला, छान झालंय. आई माझी वाट बघत असेल, ह्या कल्पनेनं तो इतका विरघळला होता की आई रात्री जेवत नाही हे त्याला लिफ्टमध्ये आठवलं. वर परत जाऊन सांगता आलं असतं. लिफ्ट खाली चालली होती.

अण्णा ओसरीवर तयार बसले होते. टोपी, इस्त्रीचा शर्ट, पायांत नवे बूट, जे त्यांना चावत असणार. जीप बायकांनी भरली होती. सगळ्या जेवून आलेल्या, नटलेल्या, जणू सुंदराक्काच्याच घरचं कार्य. पुढच्या सीटवर आक्काताई आत्ती, अण्णांची थोरली बहीण, कापडी पिशवीत पाण्याची बाटली घेऊन, जी आता उद्या सकाळपर्यंत ती उघडणार नव्हती. अण्णा सम्मेदच्या गाडीत बसले. माधवनगरपर्यंत त्यानं चार वेळा सुरुवात केली. अण्णा, त्यात थोडा बदल केलाय. अण्णा म्हणाले, व्हय, वीरधवलनं सांगितलं, गाणं घातलंय म्हणं. अण्णा, सिनेमात काही गोष्टी... अण्णा म्हणाले, "ती लय वाट बघत हुती रं, सांगलीत लागायची. आज असती तर पुढं बसली असती." त्यांचा आवाज इतका हलका, इतका सुखाचा होता की सम्मेदनं गिअर बदलला. बंद गिरण्यांच्या भिंतींमागे सूर्य पार बुडाला होता. आता सांगून त्यांची ही पंधरा मिनिटं कशाला घ्यायची, असं त्याला वाटलं, आणि हे वाटणं फार समजूतदारपणाचं आहे असंही वाटलं.

थिएटर भरलं होतं. सुरुवातीला कंपन्यांची बोधचिन्हं येत राहिली, मग सादरकर्ते, सहसादरकर्ते, आभार. 'आईचा कंदील' ही नव्या नावाची अक्षरं ज्योतीसारखी हलत आली. मग त्यांचं अंगण आलं, आणि बायकांत एक लाट गेली. अगं, आपला रांजण, अगं, ती बघ अंबूबाईची गाय. आई ओसरी सारवत आली तेव्हा कुणीतरी नाव घेऊन हाक मारली. अण्णा पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात पुढच्या खुर्चीवर. सम्मेद पडद्याकडे बघतच नव्हता, त्यांच्याकडे बघत होता. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडत होता, पिवळा, हिरवा, पांढरा. मग तो निळा झाला. बासरी सुरू झाली. पूर्वी इथं फक्त लांबच्या कडबाकुट्टीच्या यंत्राचा आवाज होता. मागच्या रांगेत एका पुरुषानं नाक शिंकरलं, पोरी रडत होत्या, कुणीतरी मोबाईल वर धरून ते टिपत होतं. आणि त्या सगळ्यातून आक्काताई आत्तीचा आवाज आला, कुजबुजीतला, पण दोन रांगांना ऐकू जाणारा.

"रायगोंडा, सुंदरा रातचं जेवतीया."

शेजारची म्हणाली, शिनेमा हाय तो, गप बस. "शिनेमा असंल," आत्ती म्हणाली, "पर ती सुंदराच हाय की." अंधारातून एसटी आली, तिचे मागचे दिवे व्यवस्थित लागत होते. अण्णांनी हात खुर्चीवरून काढले, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि सिनेमा संपेपर्यंत ती तिथंच होती. बाहेर लोकांनी सम्मेदला गराडा घातला, फोटो काढले, एका पोरीनं रडतच सांगितलं की तिला तिच्या आईची आठवण झाली. वीरधवलचा फोन आला की सांगलीत आठवडा वाढवलाय. सम्मेद सगळ्यांना हात जोडत होता आणि गर्दीपलीकडे अण्णा गाडीपाशी उभे होते, पायानं टायर दाबून बघत. घरापर्यंत ते एकच वाक्य बोलले, की मागच्या चाकात हवा कमी हाय.

सकाळी ते नेहमीसारखे बस्तीत गेले आणि नेहमीपेक्षा लवकर परतले. काय झालं ते शेजारच्या अंबूबाईकडून कळलं, तिच्या पोटात काही राहत नाही. बस्तीच्या पायऱ्यांवर बायकांत विषय निघाला होता. एकजण म्हणाली, म्हातारपणी शुगर झाली तवा सोडला असंल नेम, सांगितलं नसंल कुणाला. दुसरी म्हणाली, पोराच्या शिनेमापायी सोडला असंल, आईचं काळीज. तिसरीनं तर मोठ्या मनानं तिला माफही करून टाकलं. कुणाला राग नव्हता. घर तेच, पाट तोच, ताटही तेच, मग जेवण तेवढं खोटं कसं असेल? अण्णांनी आक्काताईला सांगून पाहिलं की तो चंद्र खोटा आहे, तिकडं चंद्र येतच नाही. आत्ती म्हणाली, चंद्र असंल खोटा, घास तर खरा हुता. जन्मभर राखलेलं तिचं तेवढंच एक, दागिना म्हणा की पुण्याई म्हणा, ते त्या पायऱ्यांवर अगदी मायेनं उतरवून ठेवलं गेलं. आई असती तर कुणाशी भांडली नसती. ती नव्हती, म्हणून भांडताही येत नव्हतं.

दिवसभर अण्णा उसात होते. सम्मेद ह्या खोलीतून त्या खोलीत फिरला. मग त्यानं बॅगेतून लॅपटॉप काढला, जुना सिनेमा शोधला, तो शॉट लावून ठेवला, आणि वाट बघत बसला. आपल्याजवळ खरं आहे, एवढाच त्याला आधार होता. हे अण्णांना दाखवायचं. मग आत्तीला. मग बायकांना एकेकीला, हव्या तितक्या वेळा, बस्तीच्या पायऱ्यांवर बसून. सिनेमा विकत घेतलेली कंपनी नोटीस पाठवेल तर पाठवू दे. तिरपा उजेड खिडकीतून आत यायला लागला तेव्हा अण्णा आले, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात बसले, त्याच पाटावर. सम्मेदनं लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

"अण्णा, खरा सिनेमा ह्यात हाय. आईनं घास खाल्ला न्हाई. बघा."

अण्णांनी पाहिलं. त्या चौकोनात हाच उजेड होता, हीच भिंत, हेच ताट. आईनं भाकरी मोडली, खिडकीकडे पाहिलं, घास कडेला ठेवला, हात जोडले. कडबाकुट्टीचा आवाज लांबून आला आणि थांबला. सम्मेद त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. महोत्सवांत लोक इथं गप्प व्हायचे, तसे तेही गप्प होते, आणि त्याला क्षणभर वाटलं की आता सगळं जागच्या जागी येईल.

"हे मला दावतोस व्हय?" अण्णा म्हणाले. "मी हितंच हुतो की. उंबऱ्यापाशी."

पडद्यावर आई डोळे मिटून थांबली होती. अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले की, त्या रात्री ती झोपली नाही. पोटात आग पडली म्हणून उठून भिंतीला टेकून बसली होती. पाणीही घेतलं नाही. पोराला उठवू का विचारलं तर नको म्हणाली, दमलाय, त्याचं आज चांगलं झालंय, झोपू दे. हे त्यांनी तक्रारीसारखं सांगितलं नाही. पाऊस कधी झाला ते सांगावं तसं सांगितलं. सम्मेदला स्टेज आठवलं, माईक आठवला, तो थांबायचा ती जागा आठवली. उपाशी झोपली, असं तो सांगत आला होता. झोपली, हेही खोटं होतं.

"तू तिला उपाशी ठेवलीस," अण्णा म्हणाले. "त्यांनी रातचं जेवू घातलं. दिवसा पोटभर जेवायला तिला तुमच्या शिनेमात कुणी दिलंच न्हाई बघ."

त्यांनी हात लांब करून लॅपटॉप मिटवला. कसा बंद करतात ते त्यांना माहीत नव्हतं, पुस्तकासारखा मिटवला फक्त. मग गुडघ्यावर हात देऊन उठले, चुलीपाशी गेले, दोन ताटं घेतली. भाकरी सकाळचीच होती, आमटी अंबूबाईनं आणून दिलेली. एक ताट त्यांनी आपल्यापुढे ठेवलं आणि एक त्याच्यापुढे. उजेड बरोबर ताटाच्या कडेवर आला, भाकरीवर सरकला, आमटीत लालसर उतरला, आणि सम्मेदच्या डोळ्यांनी त्याला न विचारता मोजलं की हा अजून थोडाच वेळ टिकेल, कॅमेरा जरा खाली हवा, अण्णांचा हात चौकटीत डावीकडून यायला हवा. त्याला स्वतःच्या डोळ्यांची किळस आली. त्यानं खाली बघितलं. भाकरी मोडली, घास केला, पण तो तोंडापर्यंत जाईना, आणि त्याची मान आपोआप खिडकीकडे वळली.

"तिकडं बघू नगंस," अण्णा म्हणाले. "जेव. दिवस हाय अजून."